निरयपुरीचा हिशेब : इंद्रायणी-पवनेच्या खोऱ्यातील नरककल्पना

पिंपरी-चिंचवड आणि चाकण हा आज कारखान्यांचा पट्टा म्हणून ओळखला जात असला, तरी पवना आणि इंद्रायणी या दोन नद्यांच्या काठी पसरलेल्या या भूभागाचा त्याहून जुना लौकिक मृत्यू आणि त्यापुढचा प्रवास यांविषयीच्या चिंतनाशी जोडलेला आहे. आळंदीला ज्ञानदेवांची समाधी, देहूला तुकोबांचे घर, चिंचवडला मोरया गोसावींचे समाधिमंदिर, घोरावडेश्वराच्या डोंगरात शेलारवाडीची बौद्ध लेणी आणि देहूरोडला डॉ. आंबेडकरांच्या हस्ते स्थापन झालेली बुद्धमूर्ती, एवढे सगळे एका दिवसाच्या चालीच्या टप्प्यात येते. पापी माणूस मेल्यावर कुठे जातो, त्या जागेला किती थर आहेत आणि तिथून सुटका आहे की नाही, या प्रश्नांना या परंपरांनी वेगवेगळी उत्तरे दिली. ती शेजारी ठेवून वाचली की एक गोष्ट ठळकपणे जाणवते. नरकाचे थर मोजणाऱ्या ग्रंथकारांचे लक्ष जमिनीखालच्या भूगोलापेक्षा माणसामाणसांमधल्या देवाणघेवाणीकडे अधिक होते. कोणी कोणाचे काय लुबाडले, काय दडवून ठेवले, काय द्यायचे टाळले आणि कोणाच्या हातून काय घेतले, हा त्यांच्या चिंतेचा खरा विषय होता. इंद्रायणीकाठच्या संतांनी पुढे थर मोडून काढले, पण हा हिशेब सोडला नाही. उलट तो अधिक कडक केला.

वेदांच्या सर्वांत जुन्या भागात थरांचा नरक आढळत नाही. ऋग्वेदाच्या सातव्या मंडलात दुष्कर्म करणाऱ्यांना आधार नसलेल्या अंधाऱ्या गर्तेत लोटावे, अशी इंद्र आणि सोम यांना प्रार्थना आहे, आणि तिथे यातनांचा तपशील जवळजवळ नाही. अथर्ववेदाच्या बाराव्या कांडात ‘नारक लोक’ असा स्पष्ट उल्लेख येतो तो एका गाईच्या संदर्भात: मागितलेली गाय जो अडवून ठेवतो, त्याच्या वाट्याला हा लोक आहे, आणि जो ती देतो त्याच्या सर्व इच्छा यमाच्या राज्यात पूर्ण होतात. शतपथ ब्राह्मणातील भृगूच्या कथेत वरुणाचा हा गर्विष्ठ मुलगा एकेका दिशेला जातो आणि माणसेच माणसांचे तुकडे करत असल्याचे पाहून हादरतो. म्हणजे त्या काळापर्यंत नरकाला दिशा मिळाल्या होत्या, मजले मिळाले नव्हते.

संख्या येते ती स्मृतिग्रंथांत. मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायात २१ नरकांची नावे दिली आहेत, आणि ती कोणत्या प्रसंगाने दिली हे ध्यानात घेण्याजोगे आहे. लोभी आणि शास्त्र मोडून वागणाऱ्या राजाकडून जो दान स्वीकारतो, तो या एकवीस नरकांतून एकामागून एक जातो, असे तिथे सांगितले आहे. चोर किंवा खुनी यांच्याऐवजी दक्षिणा घेणाऱ्या विद्वानाला उद्देशून ही यादी रचली गेली. याज्ञवल्क्यस्मृतीतही एकवीसच नरक येतात, नावे थोडी बदलतात. गरुडपुराणाच्या ‘सारोद्धार’ या नावाने प्रसिद्ध असलेल्या आणि मृत्यूनंतरच्या दिवसांत घरोघरी वाचल्या जाणाऱ्या सोळा अध्यायांच्या ग्रंथात नरकांची संख्या ८४ लाखांवर जाते, पण त्यांतले घोरतम म्हणून पुन्हा एकवीसच निवडले जातात.

मराठी कीर्तनपरंपरेवर सर्वाधिक प्रभाव पडला तो भागवताच्या पाचव्या स्कंधातील सव्विसाव्या अध्यायाचा. नरक नेमके कुठे आहेत, असे परीक्षित राजा विचारतो आणि शुकाचार्य उत्तर देतात की ते त्रैलोक्याच्या आतच, दक्षिणेला, पृथ्वीच्या खाली आणि पाण्याच्या वर आहेत. त्यानंतर २८ नरकांची क्रमवार माहिती येते. पहिला नरक तामिस्र, म्हणजे अंधाराचा. तो दुसऱ्याचे धन, स्त्री किंवा मूल हिरावणाऱ्यासाठी. कुंभीपाकात, म्हणजे उकळत्या तेलाच्या कढईत, जिवंत पशुपक्षी शिजवणारे शिजतात. रौरवात, ज्यांना छळले तेच जीव ‘रुरू’ नावाचे क्रूर प्राणी होऊन छळणाऱ्यावर उलटतात. अठ्ठाविसावा आणि शेवटचा नरक सूचीमुख. श्रीमंतीचा ताठा असलेला, प्रत्येकाकडे संशयाने पाहणारा, धन जाईल या धास्तीने सुकून गेलेला आणि यक्षासारखा पैशावर पहारा करणारा माणूस तिथे जातो, आणि यमाचे दूत विणकरांप्रमाणे त्याच्या सर्वांगातून दोरे ओवतात. दुसऱ्याचे लुबाडण्यापासून सुरू झालेली यादी स्वतःचे कवटाळून बसण्यावर संपते, आणि या रचनेत ग्रंथकाराचा विचार स्पष्ट दिसतो.

या अध्यायाच्या लगेच पुढे, सहाव्या स्कंधाच्या आरंभी, यातून माणूस सुटेल कसा असे परीक्षित विचारतो आणि अजामिळाची कथा येते. कान्यकुब्जाचा हा आचारभ्रष्ट ब्राह्मण मरताना आपल्या धाकट्या मुलाला ‘नारायण’ या नावाने हाक मारतो आणि तेवढ्यावर विष्णूचे दूत त्याला यमदूतांच्या पाशातून सोडवतात. नरकांची सविस्तर यादी आणि ती निष्प्रभ करणारे नाम एकाच ग्रंथात पाठोपाठ येतात, आणि वारकरी कीर्तनकारांनी यादीपेक्षा अजामिळ अधिक जपला.

थरांची शिस्तबद्ध रचना मात्र पुराणांपेक्षा बौद्ध आणि जैन ग्रंथांत अधिक काटेकोर आहे. बौद्ध परंपरेत एकाखाली एक असे आठ उष्ण नरक मानले जातात: संजीव, कालसूत्र, संघात, रौरव, महारौरव, तपन, प्रतापन आणि सर्वांत खाली अवीचि. वसुबंधूच्या ‘अभिधर्मकोशा’त त्यांना प्रत्येकी सोळा उपनरक जोडले आहेत आणि शिवाय आठ शीत नरक सांगितले आहेत, ज्यांतल्या काहींची नावे थंडीने कुडकुडणाऱ्या माणसाच्या तोंडून निघणाऱ्या आवाजांवरून पडली आहेत. बौद्ध नरक कायमचा नसतो. कर्माचे फळ संपले की जीव तिथून सुटतो. पाली मज्झिमनिकायातील ‘देवदूतसुत्ता’त यम पापी माणसाला आधी शिक्षा न सुनावता प्रश्न विचारतो: लहान मूल, म्हातारा, आजारी, राजाने शिक्षा दिलेला गुन्हेगार आणि प्रेत हे पाच दूत तुला दिसले नव्हते का? याच वसुबंधूने ‘विंशतिका’ या छोट्या ग्रंथात आणखी एक पाऊल टाकले आणि नरकातले पहारेकरी हे खरे जीव नसून तिथे पडलेल्यांच्या कर्मामुळे त्यांना तसे भासतात, असे प्रतिपादन केले.

शेलारवाडीच्या लेण्यांत नरकाचे चित्र नाही. तिथे आहे तो दानलेख. धेनुकाकट येथे राहणाऱ्या उसभणक नावाच्या नांगरधारी गृहस्थाच्या पत्नीने, सियागुटनिकेने, आपल्या नंद या मुलासह लेणे दान दिल्याचे त्यात म्हटले आहे. राजा किंवा श्रेष्ठी नसलेल्या शेतकरी घरातल्या बाईने डोंगरात खोदवलेली ही जागा परलोकाच्या हिशेबाची दुसरी बाजू दाखवते, आणि या परिसराच्या इतिहासात तिला नरकवर्णनांइतकेच महत्त्व द्यायला हवे.

चिंचवड, चाकण, आळंदीच्या बाजारपेठांत व्यापारानिमित्त स्थिरावलेल्या जैन कुटुंबांच्या परंपरेत सात नरकभूमी आहेत: रत्नप्रभा, शर्कराप्रभा, वालुकाप्रभा, पंकप्रभा, धूमप्रभा, तमःप्रभा आणि महातमःप्रभा. म्हणजे अनुक्रमे रत्ने, खडे, वाळू, चिखल, धूर, अंधार आणि गडद अंधार यांच्यासारखी आभा असलेल्या भूमी. या भूमींमध्ये ‘बिल’, म्हणजे नारकी जीवांची निवासस्थाने, अनुक्रमे ३० लाख, २५ लाख, १५ लाख, १० लाख, ३ लाख, ९९,९९५ आणि ५ अशी आहेत, आणि त्यांची बेरीज बरोबर ८४ लाख भरते. आयुर्मर्यादा खाली जाऊ तशी वाढत जाते. पहिल्या भूमीत ती जास्तीत जास्त एक सागरोपम आणि सातव्या भूमीत तेहेतीस सागरोपम असते, ज्यात सागरोपम हे समुद्राच्या उपमेने सांगितलेले अगणित वर्षांचे मान आहे. वरच्या भूमींत उष्णता, तळाशी थंडी. पहिल्या तीन भूमींपर्यंत असुर जातीचे देव यातना देतात. त्याखाली छळणारा वेगळा लागत नाही, नारकी जीव एकमेकांनाच छळतात. कोणत्याही परंपरेतल्या नरकवर्णनात याहून भेदक निरीक्षण क्वचितच सापडेल. नरकायुष्याचे कारण सांगताना ‘तत्त्वार्थसूत्र’ मोजके बोलते: फार आरंभ, म्हणजे हिंसा घडवणारे उद्योग, आणि फार परिग्रह, म्हणजे साठवण.

ही वर्णने सर्वसामान्यांपर्यंत पोचली ती मुख्यतः चित्रांतून. विशाखदत्ताच्या ‘मुद्राराक्षस’ नाटकात चाणक्याचा हेर यमपट घेऊन घरोघरी फिरतो, बाणभट्टाच्या ‘हर्षचरिता’तही बाजारात यमपट दाखवणारा भेटतो, आणि अजिंठ्याच्या सतराव्या लेण्याच्या व्हरांड्यात पाचव्या शतकातले भवचक्र, म्हणजे जीवाच्या गतींचे चाक, खंडित अवस्थेत शिल्लक आहे. विसाव्या शतकात बाजारात विकल्या जाणाऱ्या ‘करणी तशी भरणी’च्या छापील तसबिरी याच यमपटाच्या वंशातल्या.

या सगळ्या मोजमापाच्या पार्श्वभूमीवर ज्ञानदेवांचे काम पाहावे लागते. नेवाशाला शके १२१२, म्हणजे इ. स. १२९० मध्ये, ज्ञानेश्वरी सिद्ध झाली आणि सहा वर्षांनी आळंदीला त्यांनी समाधी घेतली. गीतेच्या सोळाव्या अध्यायात काम, क्रोध आणि लोभ ही नरकाची तीन दारे सांगितली आहेत. त्यावरच्या ओव्यांत ज्ञानदेवांना रौरवाचे वर्णन सहज करता आले असते, परंतु त्यांनी ते केले नाही. रौरवादी नरक हे पडद्याआडून ऐकू येणाऱ्या गोष्टींसारखे आहेत, आणि तेही तोवरच, जोवर हे तिघे मनात उठत नाहीत, असा त्यांचा आशय आहे. ते उठले की ऐकीव नरक प्रत्यक्ष होतो. हे तिघे म्हणजे सर्व दुःखांनी आपल्याकडे यायला दिलेले वाटाडे, हाच नरकाचा दारवंटा, आणि जो यांच्यात जिवाभावाने उभा राहतो त्याला निरयपुरीच्या, म्हणजे नरकनगरीच्या, सभेत मानाचे स्थान मिळते, असे ते सांगतात. नरकात शिरणारा माणूस तिथे फरफटत नेला जात नाही. त्याचा सत्कार होतो. लोभाने मोठ्या झालेल्या माणसाच्या सामाजिक प्रतिष्ठेवर एवढा थेट घाव मध्ययुगीन मराठीत दुसऱ्या कोणी घातल्याचे दाखवता येणार नाही.

नवव्या अध्यायात ते याहून पुढे जातात. सतत कीर्तन करणाऱ्या भक्तांचे वर्णन करताना ते म्हणतात की या नाचगाण्याने प्रायश्चित्तांचा व्यवसायच बुडाला, तीर्थांना धुवायला पाप उरले नाही आणि यमलोकातला सगळा राबता थांबला. प्रायश्चित्ताला त्यांनी ‘व्यवसाय’ म्हणावे, हे सहज घडलेले नाही. त्यांच्या आईवडिलांना प्रायश्चित्ताच्या नावाखाली काय भोगावे लागले, याची परंपरेने जपलेली कथा आळंदीत सर्वांना ठाऊक आहे. ती बाजूला ठेवली तरी ओवीचा रोख लपत नाही. पापाचे प्रकार, त्यांचे थर आणि प्रत्येक थराची ठरलेली फेड यांवर उभा असलेला व्यवहार तिथे मुळातून नाकारला आहे.

ज्ञानदेवांपेक्षा सुमारे दहा वर्षांनी मोठा असलेला दान्ते हा इटालियन कवी त्यानंतर दोन दशकांनी आपल्या महाकाव्यात नरकाची नऊ वर्तुळे रचत होता. दोघांनीही पंडितांची भाषा सोडून लोकांची बोली निवडली. परंतु दान्तेने प्रत्येक पापाला नेमकी जागा दिली, विश्वासघातक्यांना सर्वांत खाली बर्फात गोठवले आणि आपल्या काळातल्या माणसांना नावानिशी त्या वर्तुळांत बसवले. ज्ञानदेवांनी कोणालाच नाव घेऊन नरकात घातले नाही आणि नरकाचा नकाशाही काढला नाही. दान्तेची प्रतिभा नकाशात आहे. ज्ञानदेवांची तो गुंडाळून ठेवण्यात आहे, आणि मराठी समाजाच्या पुढच्या धार्मिक घडणीला हीच गोष्ट अधिक उपयोगी पडली.

मधल्या काळात चाकणचा किल्ला बहमनी फौजांचे ठाणे झाला आणि या मुलखाला इस्लामी परलोककल्पनेचाही शेजार लाभला. कुराणात जहन्नमला सात दारे सांगितली आहेत आणि भाष्यकारांनी त्यांवरून जहन्नम, लझा, हुतमा, सईर, सकर, जहीम आणि हाविया असे सात थर कल्पिले. गोव्यात थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने १६१६ मध्ये छापलेल्या मराठी ‘क्रिस्तपुराणा’त देवदूतांच्या पतनाची कथा ओव्यांत आली, तर कोकणी ख्रिस्ती समाजात नरकाला यमाचेच नाव चिकटून राहिले: यमकोंड.

सतराव्या शतकात नरकवर्णन पुन्हा ठसठशीत होते ते रामदासांच्या दासबोधात, आणि त्याची मांडणी मुद्दाम पाहण्यासारखी आहे. तिसऱ्या दशकातील सातवा समास आधिभौतिक तापाचा, म्हणजे इतर प्राणिमात्रांकडून होणाऱ्या दुःखाचा आहे. त्यात कडेलोट, तोफेच्या तोंडी देणे, कानात खुंट्या ठोकणे, जिवंतपणी कातडी सोलणे अशा त्या काळच्या राजशिक्षांची लांबलचक जंत्री येते. पुढचाच समास आधिदैविक तापाचा, म्हणजे मृत्यूनंतरच्या यमयातनांचा. दोन्ही सलग वाचले की यमाच्या कारभाराचा नमुना कोणत्या कचेरीतून उचलला गेला हे वेगळे सांगावे लागत नाही. रामदास मात्र तो संबंध उलटाही लावतात: राजाने नीती सोडली तर त्याला यम शासन करतो, आणि यमाने सोडली तर त्याच्यावर देव धावून जातात. ज्या प्रजेला सरदारांविरुद्ध दाद मागायला जागा नव्हती, तिच्यासाठी नरक हे वरचे न्यायालय होते.

देहूचे तुकोबा जन्माने वाणसामानाचे दुकान आणि सावकारी असलेल्या घरातले. १६३० च्या सुमाराच्या भीषण दुष्काळात त्यांनी घरची माणसे गमावली आणि दिवाळे पाहिले. भावाशी वाटणी करून आपल्या वाट्याची कर्जखते त्यांनी इंद्रायणीत सोडली, ही महिपतींच्या चरित्रलेखनातून रूढ झालेली हकिकत आहे. देणे-घेणे ज्यांनी व्यापारी म्हणून आतून पाहिले होते, त्यांच्या वाणीतला नरकही त्याच अंगाने येतो. कीर्तन करायचे तिथे जेवू नये, कपाळाला बुका लावून घेऊ नये, गळ्यात माळ घालून घेऊ नये, इतकेच काय, आपल्या तट्टाला किंवा बैलाला दाणावैरणही मागू नये, असे एका अभंगात ते बजावतात आणि शेवटी कीर्तनाचे द्रव्य घेणारा आणि देणारा दोघेही नरकात जातात असा निवाडा देतात. इथे कुंभीपाक नाही, असिपत्रवन नाही, थरही नाही. आहे ती फक्त वैरणीच्या पेंढीपर्यंत नेलेली बारकाईची मर्यादारेषा. मनूने दान घेणाऱ्याला एकवीस नरकांतून फिरवले होते. तुकोबांनी देणाऱ्यालाही सोबत धाडले. अठ्ठावीस नरकांच्या वर्णनापेक्षा हा छोटा अभंग अधिक धाक बसवणारा आहे, कारण त्यातून पळवाट काढायला जागा नाही.

संतांनी यमलोकाचा राबता थांबवला तरी घाटावरचा थांबला नाही. १७९० च्या सुमारास पंढरपूरच्या काशीनाथ उपाध्यायांनी रचलेल्या ‘धर्मसिंधू’ने व्रतवैकल्ये आणि अंत्यविधी यांचे नियम एकत्र बांधले. धनत्रयोदशीला दक्षिणेकडे तोंड करून लावायचा यमदीप, नरकचतुर्दशीला पहाटे अभ्यंगस्नानानंतरचे यमतर्पण, आणि मरणप्रसंगी वैतरणी, म्हणजे यमपुरीच्या वाटेवरची रक्त-पुवाची नदी, पार करण्यासाठी द्यायची गाय, हे आचार नरकाच्या भीतीला वर्षभर आणि आयुष्यभर जागा देत राहिले. गाय परवडत नसेल तर तिचा निष्क्रय, म्हणजे रोख मोबदला, चालू लागला. याच ठिकाणी जोतीराव फुल्यांनी बोट ठेवले. १८६९ च्या ‘ब्राह्मणांचे कसब’मध्ये जन्मापासून मरणानंतरपर्यंत शेतकऱ्याच्या घरातून दक्षिणा कशी निघते हे त्यांनी दाखवले, आणि १८७३ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या सत्यशोधक समाजाने भटाशिवाय विधी करण्याची वाट घालून दिली. २५ डिसेंबर १९५४ रोजी डॉ. आंबेडकरांनी देहूरोडला बुद्धमूर्तीची स्थापना केली आणि दोन वर्षांनी नागपूरच्या दीक्षासमारंभात दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत श्राद्ध आणि पिंडदान न करण्याची प्रतिज्ञा घातली. बुद्धाकडे जाताना त्यांच्या अनुयायांनी अवीचि आणि संघात यांची यादी सोबत घेतली नाही. जन्मावरून माणसाला जिवंतपणी जिथे ठेवले होते, ती जागा त्यांना पुरेशी परिचित होती.

ज्या १९५४ साली देहूरोडला मूर्ती बसली, त्याच साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली. पुढे १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ आले, भोसरी, आकुर्डी, चिखली आणि नंतर चाकणच्या जमिनी कारखान्यांखाली गेल्या, आणि खेड, मावळ, हवेलीच्या गावांत आधी कधी न आलेला रोख पैसा आला. या पैशाने परलोकाचे विधी लहान केले नाहीत. दशक्रियेला नदीकाठी मंडप पडतो, पिंडाला कावळा शिवेपर्यंत लोक थांबतात, पुढाऱ्यांच्या श्रद्धांजल्या होतात, आणि त्याआधी एखाद्या महाराजांचे प्रवचन असते. या प्रवचनात गरुडपुराणातल्या यातना क्वचितच येतात. येतो तो अजामिळ, येतात ज्ञानदेव आणि तुकोबा. थरांचा नरक या पट्ट्यातल्या लोकांच्या कानावरून जवळजवळ गेला, आणि त्याचे श्रेय आधुनिक शिक्षणाइतकेच सात शतकांच्या कीर्तनाला द्यावे लागते.

ते कीर्तन शिकवण्यासाठी विष्णुबुवा जोगांनी १९१७ मध्ये आळंदीत वारकरी शिक्षण संस्था काढली, जिथे विद्यार्थ्यांनी माधुकरी मागून, म्हणजे घरोघर शिजलेले अन्न मागून, गाथा आणि ज्ञानेश्वरी पाठ करायची अशी रीत होती. शिकून बाहेर पडलेल्या कीर्तनकाराने संसार कशावर चालवायचा, हा प्रश्न तेव्हापासून आहे आणि तो खोटा नाही. आज औद्योगिक पट्ट्यातल्या अखंड हरिनाम सप्ताहांत बिदागी ठरवून बोलावणे ही सर्रास चाल आहे आणि तिच्यावर वाद झाला की बोट रोखले जाते ते कीर्तनकाराकडे. तुकोबांच्या अभंगातला दुसरा आरोपी, म्हणजे फलकावर नाव लिहून घेणारा देणारा, त्या वादात अजून कोणी उभा केलेला नाही.